सोमाचा मामा

आमच्या गावातली माणसं सांगलीला परमुलूख म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. आमचं माण खालसातलं, म्हणजे इंग्रजाचं. सांगली संस्थानातली, तिथे राजा वेगळा, कोर्ट वेगळं, पोलिसाच्या डोक्यावरचं पागोटंसुद्धा वेगळं. म्हसवडहून सर्व्हिस मोटारीने विट्यापर्यंत आणि तिथून दुसऱ्या मोटारीने पुढे, एवढाच प्रवास. पण मी कॉलेजात शिकायला निघालो तेव्हा आईने सिद्धनाथाच्या गुलालाची पुडी माझ्या सदऱ्याच्या खिशात आतून शिवून टाकली आणि म्हणाली, "परक्या राजाच्या गावात नीट ऱ्हा. ततं आपलं कुणी न्हाई." माझा नातू आता अमेरिकेत शिकतो आणि दर रविवारी फोन करतो. त्याला मी म्हणतो, बाबा, माझा परदेश तुझ्याहून लांब होता, तिथून फोनसुद्धा येत नसे. तो हसतो. आजोबा काहीतरी बोलतात, असं त्याला वाटत असणार.

आम्ही मेंढरं राखणारे. आबांची म्हणजे माझ्या वडिलांची लोकर सांगलीतले एक घोंगड्यांचे व्यापारी घेत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी शब्द टाकला म्हणून मला त्या गावात जेवणाचे वार मिळाले. हल्लीच्या पोरांना वार म्हणजे काय ते सांगावं लागतं. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा काढायचा. ही सोय खरी बामणांच्या पोरांची. धनगराच्या पोराला ती मिळाली ही अण्णांची पुण्याई. काही घरांत मला ओसरीवर वाढत आणि ताट मी विसळून ठेवी. त्याचं तेव्हा मला काही वाटलं नाही, पुढे फार वाटलं, आणि आता पुन्हा वाटेनासं झालं आहे. सगळे वार लागले, गुरुवार तेवढा लागेना. कृष्णाकाठ दत्ताचा, त्यामुळे निम्मं गाव गुरुवारी उपास करी. ज्या घरात चूलच साबुदाण्यापुरती पेटते तिथे भाकरीवाला पाहुणा कोण घेणार? दोन गुरुवार मी फुटाण्यांवर काढले. मग अण्णा म्हणाले, "आनाथ पोरांच्या आश्रमात जा. पोरांस्नी शिकीव, खेळीव. तिथं उपास बिपास काय नसतो."

तर माझी समाजसेवा अशी पोटातून सुरू झाली. पुढे एका सत्कारात कुणीतरी म्हणालं की मला विद्यार्थिदशेपासूनच अनाथांचा कळवळा होता. मी मान खाली घालून बसलो आणि लोकांना तो माझा विनय वाटला.

आश्रम हळदीच्या वखारींच्या मागे होता. हंगामात तिथे हळद घोळण्याचा खडखडाट दिवसभर चाले आणि पिवळी धूळ भिंतीवर, पाण्याच्या रांजणावर, पोरांच्या पापण्यांवर बसे. सगळ्या आश्रमाला रोजच हळद लागलेली, लग्न मात्र कुणाचंच नाही, असं स्वयंपाकीण गंगाक्का म्हणे. ती कानडी मुलखाच्या सीमेकडची. दर वाक्याआधी एक लांब "अव्वाऽ" लावी आणि भाकऱ्या अशा जोरात थापी की तो आवाज मला रस्त्यावरून ऐकू येई. मग माझी चाल आपोआप वाढे. लढाईचे दिवस होते, रेशनवर जोंधळ्याऐवजी लाल मिलो मिळे आणि त्याची भाकरी दुमडली की तुटे. पोरं ती आमटीत कुस्करून खात. पोरांना दिवाळीपेक्षा पितृपक्ष आवडे, कारण दिवाळीला गाव आपापल्या घरात असतं आणि पितृपक्षात गावाला आश्रम आठवतो. कुणाच्या वडिलांच्या नावाने खीर येई, कुणाच्या आजीच्या नावाने वडे. चंपा नावाची एक आठेक वर्षांची मुलगी होती, फार चौकस. तिने पहिल्याच महिन्यात मला विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं कोन मेलंय का न्हाई?" माझे आजोबा वारले आहेत असं मी सांगितल्यावर तिने समाधानाने तिथी विचारून ठेवली.

आश्रमाचा कारभार तात्यांकडे होता. तात्या निवृत्त शिक्षक, कोरड्या आवाजाचे, हातात कायम पंचाची घडी. त्यांचा एक नियम मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आला. "इथे कुणी काका, मामा, मावशी व्हायचं नाही. गावातली भली माणसं येतात, पोराला मांडीवर घेतात, मी तुझी मावशी म्हणतात आणि लाडू देऊन जातात. लाडू तासाभरात संपतो. मावशीची वाट मात्र पोर वर्षभर बघतं. तुम्ही मास्तर. मास्तरच राहा." गंगाक्काला ते अक्का म्हणू देत, कारण अक्का रोज असे. मला तो नियम कठोर वाटला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आलो आहे आणि तात्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. बरोबर होतं, असंही म्हणवत नाही.

सोमा आला तेव्हा तीनेक वर्षांचा असेल. कृष्णेच्या घाटावर जत्रेच्या गर्दीत तो सापडला. संस्थानाने दवंडी पिटली, आजूबाजूच्या गावांत निरोप धाडले, कुणीही आलं नाही. सोमवारी आणला म्हणून सोमा. त्याचं आधीचं नाव काय ते तो सांगू शकला नाही. 'बाळ' एवढंच म्हणे, आणि जगातली निम्मी पोरं बाळच असतात. त्याच्या डोक्यावर जन्मापासूनचं जावळ तसंच होतं. मानेवर आलेलं, मऊ, गुंता झालेलं. आश्रमात उवांच्या भीतीने सगळ्यांची डोकी पंधरवड्याला भादरत. पण न्हावी आला की हा पोरगा असा आकांत करी की न्हाव्याचा हात थांबे. दोनदा तसंच सोडून दिलं.

तिसऱ्या वेळी नेमका गुरुवार होता. तात्या राजवाड्यात कुणाला तरी भेटायला गेलेले. न्हावी अंगणात पाट मांडून बसला, एकेक पोर सोलून काढल्यासारखं उठत होतं. सोमाची पाळी आली आणि तो खांबाला मिठी मारून किंचाळू लागला. गंगाक्का पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अव्वाऽ, जावळ हाय ते लेकराचं! असं उगंच भादरत्यात व्हय? देव न्हाई, मामा न्हाई, नारळ न्हाई." न्हावी म्हणाला, "मग काय करू अक्का, ठिवू का तसंच? सगळ्या आश्रमात उवा हुतील." मला मेंढरं कातरायची सवय. कातरताना मेंढरू झटापट करून धरत नाहीत; त्याला ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या मांडीला टेकवायची, आणि हनुवटीखाली हात धरायचा. मग ते आपोआप सैल पडतं. मी खाली मांडी घातली आणि सोमाला तसा धरला. तो थरथरला, मग खरंच सैल पडला. त्याचं डोकं माझ्या छातीला टेकलं. न्हाव्याने वस्तरा धारेला लावला आणि उभ्या जन्माच्या सवयीने विचारलं, "मामा कोन?"

आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर काढतात. न्हावी मामा कोण ते विचारतो, मामा हो म्हणतो, नारळ फुटतो, वस्तरा लागतो. प्रश्न आला की उत्तर द्यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोर सैल पडलेलं, वेळ घालवला तर पुन्हा बिथरेल. मी म्हणालो, "मी."

मग सगळंच रीतसर झालं. गंगाक्काने देवापुढचा नारळ आणून फोडला, गुळाचा खडा पोराच्या तोंडात घातला, आणि पहिली बट खाली न पडू देता पदरात घेतली. सोमा रडलाच नाही. तो वर मान करून माझ्याकडे बघत गूळ चोखत होता. बाकीची पोरं भोवती गोळा झाली होती. मग चंपा म्हणाली, "म्हंजी सोमाला मामा हाय." त्या दिवसापासून मला पोरांतलं कुणी मास्तर म्हणेना. पण पोरं इतकी नेकीची की कुणी नुसतं मामाही म्हणालं नाही. "सोमाचा मामा, हे गणित बघा." "सोमाचा मामा, चंपी मला मारती." दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, तसं ती माझ्या नात्याला लावत नसत. मामा म्हणायचा हक्क एकट्या सोमाचा, आणि तो ते दिवसभर म्हणे. काही काम नसतानाही म्हणे.

तात्या परत आल्यावर त्यांना हे कळायला वेळ लागला नाही. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते नुसते पंचाने तोंड पुसून म्हणाले, "झालं तुमचं? आता तो गुरुवार मोजायला शिकेल." तसंच झालं. गंगाक्का सांगे की रोज सकाळी उठल्यावर तो 'आज गुरुवार?' असं विचारतो. मी मग इतर दिवशीही कॉलेज सुटल्यावर फाटकातून डोकावून जाऊ लागलो. मला त्याचा लळा लागला होता का? लागला असावा. पण त्या वयात मला घराची आठवणही फार येई, आणि एखादं लहान पोर धावत येऊन पायाला मिठी मारतं तेव्हा कोण कुणाला धरून उभं आहे ते कळत नाही. मला ते तेव्हा कळत नव्हतं आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला विट्याचं एक जोडपं आश्रमात आलं. नवरा गणपतराव, गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. त्यांचं दुकान तिकडे मद्रासच्या बाजूला एका मोठ्या गावात होतं. बायको हौसाबाई, ठसठशीत कुंकू, बोलणं कमी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यांनी सगळी पोरं पाहिली आणि हौसाबाईचे डोळे सोमावर थांबले. तो तेव्हा रांजणाखाली बसून मुंग्यांना मिलोचे दाणे घालत होता. गणपतरावांची एकच अट होती, पोराला मागे-पुढे कुणी नको. मोठं केलं, धंद्यात घातलं आणि मग कुणी सख्खा दारात उभा राहिला, असं त्यांच्या ओळखीत एका घरी झालं होतं. तात्या म्हणाले, ह्याला कुणी नाही, दवंडी पिटून खात्री केली आहे. ठरल्यात जमा झालं. आणि जाता जाता हौसाबाईने चंपाला कौतुकाने विचारलं, "ह्यो तुला तरास देतो का गं?" चंपा म्हणाली, "न्हाई. दिला तर मी त्याच्या मामाला सांगती."

मी तिथे नव्हतो. पण गंगाक्काने तो प्रसंग मला इतक्यांदा सांगितला की मला तो पाहिल्यासारखा आठवतो. गणपतराव फाटकातून परत आले. तात्यांनी समजावून सांगितलं, तो विद्यार्थी आहे, रक्ताचा कुणी नव्हे, न्हाव्यापुढे सहज बोलला. गणपतराव म्हणाले, "आवं, जावळ काढलंय मांडीवर. ह्याला तुमी सहज म्हनता? उद्या त्यो आला दारात, म्हनला माझा भाचा हाय, तर मी काय करू?" शेवटी असं ठरलं की गुरुवारी मामाने समक्ष येऊन सांगावं की माझा ह्या पोराशी काही संबंध नाही. मग ते सोमाला नेतील. नाहीतर नाही.

तात्यांनी मला कॉलेजातून बोलावून घेतलं. "माणूस चांगला आहे. बाई तर फारच चांगली आहे. आपल्याकडून एखादं मूल घरी जातं असं किती वेळा होतं? तुम्ही एवढंच म्हणायचं, मी ह्याचा कुणी नाही. आणि ते खरंच आहे." मी हो म्हणालो. बाहेर आलो तर सोमा पायाला येऊन चिकटला आणि माझा हो फाटकापर्यंतही टिकला नाही. तो समोर बसलेला असताना मी म्हणणार, मी ह्याचा कुणी नाही? ज्याला आपलं जुनं नावसुद्धा ठाऊक नाही त्याच्याकडे एक मामा होता, तोही मीच काढून घ्यायचा? आणि तसं म्हणालो नाही, तर त्याचं घर जातं, आई जाते, गरम भाकरी जाते, सगळं जातं. एका शब्दाने मी मामा झालो होतो, एका शब्दाने उतरायचं होतं. ह्यात मला इतकं अवघड काय वाटतं तेच कळेना. वाराच्या घरी मी त्या दिवशी आमटी समजून ताकात भाकरी कुस्करली, आणि घरच्या बाईंनी मला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिलं.

आबा त्या वेळी सांगलीजवळच हरिपूरच्या बाजूला कुणाच्या शेतात मेंढरं बसवून होते. पाऊस सरला की आमची माणसं कळप घेऊन नदीकाठी उतरत. शेताला खत मिळे, मेंढरांना चारा. मी त्यांना विचारायला गेलो. आबा लोकर पिंजत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मांडी दिलीस न्हवं?"

"दिली."

"न्हाव्यानं इचारलं तवा मी म्हनलास न्हवं?"

"म्हणालो, पण ते सहज, आबा. पोरगं रडत होतं म्हणून."

"सहज? आरं, सोयरीक काय सहज मोडाया येती व्हय? मांडी दिली, नारळ फुटला. आता तू न्हाई म्हनलास तरी मामाच, आन व्हय म्हनलास तरी मामाच."

"मग मी त्यांना सांगू काय?"

"ते मला काय ठावं? मी काय कालेजात जातो व्हय?" असं म्हणून त्यांनी पिंजायला घेतलं. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "गुरवारी मी बी येतो. बगू तर खरं, भाचा कसला हाय." मला धीर हवा होता आणि मिळाला तो हा. मी परत निघालो तो आलो त्याहून जास्त गोंधळून.

गुरुवारी आश्रमाच्या पडवीत सतरंजी अंथरली होती. तात्या एका बाजूला, गणपतराव आणि हौसाबाई दुसऱ्या बाजूला. मी आणि आबा खाली टेकलो. आबांच्या खांद्यावर घोंगडं, हातात काठी. काठी कुठे ठेवावी ते त्यांना कळेना म्हणून मांडीवर आडवी धरून बसले. पोरांना आत राहायला सांगितलं होतं, म्हणजे सगळी दाराच्या फटीला होती. सोमा मात्र कुणाला न जुमानता आला आणि माझ्याशेजारी बसला.

तात्या म्हणाले, "हे ते विद्यार्थी. बोला हो, सांगा ह्यांना."

मी तोंड उघडलं. 'मी ह्याचा' इथपर्यंत आलं आणि पुढचं येईना. सोमा माझ्या सदऱ्याचं बटण फिरवत होता. मला रडू येतं की राग येतो की नुसतं पळून जावंसं वाटतं, काही समजत नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "मी ह्याचा..."

"मामा हाय त्यो," आबा म्हणाले. "त्याला बोलाया ईना म्हनून मी सांगतो. मांडी दिलीया त्यानं. आमी धनगर मानसं, दिल्याली मांडी माघारी घेत न्हाई."

तात्यांनी डोळे मिटले. गणपतराव उठून उभे राहिले. "झालं तर मग. चल गं. आन वर धनगराचं! आमाला सोयरं तरी आमच्यातलं पायजे का न्हाई?"

हौसाबाई उठली नाही. त्या बैठकीत तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पोराची जात इचारली न्हाईसा तुमी. आन आता मामाची इचारता व्हय?"

गणपतराव थबकले.

मग ती माझ्याकडे वळली. माझ्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी असेल, पण मला ती तेव्हा फार मोठी वाटली. "तुमाला भन हाय का?"

"नाही. आम्ही सगळे भावच."

"मला भाव न्हाई," ती म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "आवं, मामा म्हंजी कोन? आयचा भाव. ह्याची आय कोन हाय? आजपास्नं मी हाय. मग ह्यो माझा भाव झाला का न्हाई? भाव काय लेकरू माघारी न्याया येतोय? भाव भनीला चोळी घिऊन येतोय. इतकी वर्सं भाऊबीजंला मी चंद्राला ओवाळती, तुमी बगताय. आज देवानं लेकरासंगं भाव बी दिला, तर तुमी म्हनताय चल."

गणपतराव पुन्हा खाली बसले, टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. तात्यांच्या हातातला पंचा तसाच राहिला होता. मी तर असा बसलो होतो की हे सगळं दुसऱ्या कुणाबद्दल चाललं आहे. मी नाही म्हणायला आलो होतो; मला नाही म्हणता आलं नव्हतं, आणि मी होही म्हणालो नव्हतो. आणि मला बहीण झाली होती. आबा मात्र गोंधळले नव्हते. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं, झटकलं, नीट घडी घातली आणि हौसाबाईच्या पुढ्यात ठेवलं. "लेकीला मोकळ्या हातानं धाडू न्हाई. सध्या ह्येच हाय."

हौसाबाईने ते उचलून कपाळाला लावलं आणि ती रडायला लागली. गणपतराव आबांकडे बघून म्हणाले, "म्हंजी मला आता सासरा बी झाला का काय?" तेव्हा गंगाक्का आतून मोठ्याने हसली, आणि तिच्या हसण्याने दार उघडून पोरं भसाभस बाहेर पडली.

पुढचे सोपस्कार तात्यांनी केले. दोन दिवसांनी सोमा गेला. टांगा आला तेव्हा तो हौसाबाईच्या कडेवर होता आणि त्याचं सगळं लक्ष घोड्याच्या शेपटीकडे होतं. त्याने एकदा विचारलं, "मामा येतोय?" ती म्हणाली, "दिवाळीला येनार." तेवढं त्याला पुरलं. टांगा वळला. मी फाटकाशी उभा राहिलो आणि मला आनंद व्हायला पाहिजे असं स्वतःला बजावत राहिलो. तात्या शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "नियम आहे तोच राहील हं. हे असं दर वेळी होत नाही." मी मान हलवली. चंपाने मला आत आल्यावर अडवलं. "आता तुमाला काय म्हनू? सोमा तर गेला." तिने थोडा विचार केला आणि स्वतःच ठरवलं, "मास्तरच बरं." त्या दिवशी आणि पुढच्या कितीतरी गुरुवारी मला ती हाक टोचत असे. टोचली तरी मी जाणं सोडलं नाही, एवढंच.

पुढच्या दिवाळीला हौसाबाई विट्याला आली होती. निरोप आला की भावाने भाऊबीजेला यावं. आबांनी आठवड्याच्या बाजारातून चोळीचा खण आणला, आईने करंज्या बांधून दिल्या. तिला ह्या न पाहिलेल्या लेकीचं भलतंच कौतुक वाटत होतं. मोटारीत मी सगळा वेळ एकाच गोष्टीचा विचार करत होतो. सोमा मला बघून कसा धावत येईल, पायाला कसा चिकटेल. मी त्याच्यासाठी भोवरा घेतला होता आणि तो खिशात धरून बसलो होतो. इतका अधीर मी पुढे स्वतःच्या लग्नातही झालो नाही.

घर पेठेत होतं. उंबऱ्यावर एक मुलगा दगडाने टिकल्या फोडत बसला होता. केसांना चपचपीत तेल, भांग काढलेला, अंगात नवा सदरा, गाल चांगले वर आलेले. मी समोर उभा राहिलो. त्याने वर बघितलं आणि दगड हातात तसाच ठेवून विचारलं, "कोन पायजे?"

मला वाटलं तो चेष्टा करतो. पण ते डोळे मला खरोखरच ओळखत नव्हते. लहान पोर ते. त्याच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं. मी म्हणालो, "अरे, मी मामा." त्याने माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्याच्या ओळखीत मामा नावाचं कुणी नव्हतं. आश्रम नव्हता, खांब नव्हता, ज्या दिवशी मला ते सगळं जड गेलं तो गुरुवारसुद्धा नव्हता. मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. आणि त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, कुणीतरी छातीवरचा दगड उचलल्यासारखं हलकंही वाटलं. इतकी वर्षं झाली, त्यातलं खरं कुठलं ते मला अजून सांगता येत नाही.

"कुनाचा मामा?" तो म्हणाला.

"तुझ्या आईचा भाऊ आहे मी," मी म्हणालो.

हे त्याला लगेच पटलं. त्याने दगड टाकला आणि घरात धूम ठोकली. आत लांबवर, माजघरापर्यंत त्याचा आवाज घुमत गेला, "आये! आये गं! तुजा भाव आलाय!"